माळावरची हजेरी

“किसन रामा, जिवंत,” गणेश ओरडला, आणि माळावर जमलेली माणसं हसली.

“लई दिसांनी कुनी तरी जिवंत म्हनलं रं त्याला,” किसनचा थोरला भाऊ दत्तू आबा शेजाऱ्याला म्हणाला.

वडवणीजवळच्या एका गावात आमचा सर्व्हायव्हल सर्व्हे चालू होता. लावलेल्या रोपांपैकी किती जगली हे पाहणं, म्हणजे सर्व्हायव्हल सर्व्हे. आमचा सर्व्हेअर गणेश झाडापुढे उभा राहून मोठ्याने सांगायचा आणि मी मोबाइलमधल्या ॲपवर नोंदवायचो. निधी परदेशातल्या एका संस्थेचा, ॲपही त्यांचंच. खड्डे आणि माणसं आमची.

या माळावरची बरीच झाडं गेलेल्या माणसांच्या नावाची आहेत. इथल्या नदीला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं. म्हणून सावडलेली राख खड्ड्यात घालून वर रोप लावावं, असं आमच्या संस्थेनेच सुचवलं होतं. गावाने ते मनापासून घेतलं. रोपाशेजारी त्या माणसाच्या नावाची पत्र्याची पाटी असते. ॲपमध्ये ‘झाडाचे नाव’ असा रकाना होता. तिथे लिंब, चिंच, करंज असं काही अपेक्षित होतं. गणेश नवा होता, तो पाटी वाचत होता. लोकांना मात्र ती हजेरी आवडली. बायका आपापल्या झाडापाशी जाऊन उभ्या राहू लागल्या.

उताराच्या कडेला एका काडीपुढे गणेश थांबला. त्याने नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं.

“पूजा, मृत.”

कुणी हसलं नाही. पूजाची आई रुक्मिणबाई पाण्याची कळशी घेऊन तिथेच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “वाळलंय म्हन, बाबा. झाड वाळतंय. मृत काय म्हनतूस त्याला?”

“मावशी, ॲपमध्ये दोनच शब्द आहेत. जिवंत आणि मृत.”

आमच्याकडे झाड वाळतं, नाहीतर जळतं. ‘मृत’ हा शब्द कुठल्या तरी ऑफिसात इंग्रजी समोर ठेवून बसवलेला होता.

अशा रोपाचं पुढे काय करायचं, तेही ठरलेलं असतं. खड्डा पुन्हा खोदायचा, काडी काढायची, नवं रोप लावायचं. याला गॅप फिलिंग म्हणतात. फोटो त्याच खड्ड्याचा लागतो, कारण जागा जीपीएसवर नोंदलेली असते.

मजूर पहार घेऊन आला, पण रुक्मिणबाई खड्ड्यावरून हलली नाही. पूजा पहिल्या बाळंतपणात गेली होती. राखेवर हक्क सासरचा. बरंच विनवल्यावर त्यांनी आईला मूठभर दिली होती, ती या खड्ड्यात होती.

“तेवढीच हाय माझ्याकडं,” ती म्हणाली. “पहार लावू नका.”

मी पुण्याला आमच्या डायरेक्टर सरांना फोन लावला.

“सर, शेजारी दुसरा खड्डा घेऊ का?”

“लोकेशन जुळणार नाही.”

“मग ही नोंद मृतच राहू द्या. रोप बदलत नाही.”

“अहो, तो ब्लॉक काठावर आहे. आणखी एक मृत दाखवलं की जगलेल्या रोपांचं प्रमाण मर्यादेखाली जाईल, आणि उन्हाळ्याचा टँकर बंद होईल. मी निधीवाल्यांशी भांडून पाहिलंय. तुम्ही त्या बाईंना समजवा.”

ब्लॉक म्हणजे माळाचा एक तुकडा. टँकर बंद झाला तर त्या तुकड्यातली सगळीच झाडं वाळणार होती. दत्तू आबा शेजारी उभा राहून फोनवरचं ऐकत होता. मला काही समजवावं लागलं नाही.

“वैनी, एका काडीपायी समद्यांचं पानी तोडता व्हय?”

“तुमच्या भावाचा खड्डा खोदा की मग.”

“त्याचं हिरवं हाय. तुमचं वाळलं, त्याला आमी काय करावं?”

मला आबाचा रागही धरता येईना. तोही आपल्या भावाचंच राखत होता.

रुक्मिणबाईने कळशी खाली ठेवली. खाली बसून तिने हाताने माती उकरली. काडी सहज निघाली, मुळं कुजून गेली होती. खालची माती ती ओंजळीने पदरात घेत गेली, मुरूम लागेपर्यंत. त्यात राख कुठली आणि माती कुठली, हे तिलाही दिसत नसणार. माझ्या पत्नीचा कलश मी गोदावरीत सोडला तेव्हा तो भरलेला होता. मी दुसरीकडे पाहत राहिलो.

पदराला गाठ मारून ती उठली. “लावा आता काय लावायचं ते.”

गणेशने करंज लावला, फोटो घेतला. टँकर उन्हाळाभर आला. तो करंज आता माझ्या खांद्याला लागतो. पाटी तीच आहे. परदेशातून पाहुणे आले तेव्हा त्यांनी पूजा कोण म्हणून विचारलं. गावातली एक मुलगी, असं सरांनी सांगितलं.

रुक्मिणबाई परत माळावर आली नाही. बाजारात भेटली तेव्हा मी म्हणालो, “झाड छान वाढलंय. एकदा येऊन बघा.”

“कुनाचं झाड?” तिने विचारलं, आणि भाजीवाल्याकडे वळली.

‘मृत’ काढून ‘वाळलेले’ असा शब्द घाला, असं मी त्या संस्थेला कळवलं होतं. त्यांनी बदल केला. आता तिथे ‘निष्क्रिय’ असं येतं.

आम्हीही एक बदल केला. राखेची झाडं आता प्रकल्पात घेत नाही. ज्याने त्याने ती आपल्या जागेत लावायची. त्यांना टँकर नाही, फोटो नाही, नोंद नाही. बरीचशी पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. ती कुणी काढत नाही.