बायकोचे केस धुणारी

"भाऊ, हे धरा. आणि बाहेर बसा."

दर रविवारी सकाळी ती आमच्या घरात शिरायची ती हे म्हणतच. बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवायची, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रुमाल बांधायची, आणि माझ्याच घराचं मागचं दार माझ्याच तोंडावर लावून घ्यायची. आत माझी बायको. बाहेर मी, परक्या बाईची अंगठी मुठीत धरून. तुम्हीच सांगा, कुठल्या नवऱ्याचं डोकं फिरणार नाही?

ती आमच्या मसोली गावातली शेजारीण. चिकूच्या वाडीची मालकीण, अंगाने दांडगी, आवाज असा की पार आशागड गावापर्यंत ऐकू जावा. माहेर हद्दीपलीकडचं, गुजरातमधलं. माझ्या बायकोला ती 'बेन', म्हणजे बहीण, म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडे गेलो नव्हतो, त्यामुळे ते 'बेन' मला जरा जास्तच टोचायचं.

२०१५ साली मी एसटीतून रिटायर झालो. कंडक्टर होतो. सगळी नोकरी तलासरी आणि झाईच्या गाड्यांवर उभ्याने गेली. म्हटलं, आता बसू, बायकोशी चार शब्द बोलू. तर त्याच वर्षी तिचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. केस तिचे कमरेपर्यंत, पण फार बारीक, रेशमाच्या धाग्यासारखे. त्यात आमच्या बोअरचं पाणी खारट. धुतले की गुंता ठरलेला. एके दिवशी वैतागून म्हणाली, "कापूनच टाकते." मी पेपर वाचत म्हणालो, "काप."

कुंपणापलीकडून आरोळी आली, "खबरदार कात्री लावाल तर! मी येते."

आणि आली. ती येतच राहिली.

येताना स्वतःच्या विहिरीचं गोडं पाणी आणायची, दोन हंडे. मी बाहेर ओट्यावर बसून दाराकडे कान लावायचो. आधी कोरड्या केसांना तेलाचं बोट आणि लाकडी फणी, तीही टोकाकडून. "धीमे, धीमे. केस हाय, दोर नाय." मग जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस. मग पाण्याचा आवाज. आणि मग हसणं. माझी बायको, जी माझ्याशी 'गॅस संपलाय' आणि 'भाजी काय आणू' एवढंच बोलायची, ती आत खळखळून हसायची!

"एवढं काय बोलता गं?" मी विचारायचो.

"काही नाही हो. बायकांचं बोलणं."

मी जळत होतो. सरळच सांगतो, उगाच सोवळेपणा कशाला. शेजारचा कोणी पुरुष असता तर भांडता तरी आलं असतं. इथे कोणाशी भांडणार? जास्वंदीच्या पानांशी?

एका रविवारी ती उंबरगावला लग्नाला गेली. मी मनात म्हटलं, आली संधी! बायको नको नको म्हणत होती, तरी तिला मोरीत बसवलं. सगळे केस डोक्यावर गोळा केले, साबण लावला आणि शर्टाची कॉलर घासावी तसे घासले. टॉवेलने खसाखसा पुसले. मग ओल्या केसांतून वरून खाली कंगवा ओढला. अर्ध्यात अडकला. मी जोर लावला. कट् कट् आवाज आला आणि कंगव्यात केसांचा झुबका. मानेवर तर सुगरणीचं घरटं झालं होतं.

बायको रडली नाही, ओरडलीही नाही. "कात्री द्या," एवढंच म्हणाली. मी कात्री दिली नाही. सापडत नाही म्हणून खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण परतली. गुंता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ओल्याला कंगवा घातला?"

"हो."

"वरनं?"

"हो."

"अरे भगवान! ओल्या केसात जीव नसतो, भाऊ. तिकिटं फाडायची तशी केसं फाडली काय?" मग पाट सरकवून म्हणाली, "केला ना गुंता? आता बसा इथे."

पहिल्यांदाच मला त्या दाराच्या आत जागा मिळाली. तिने दाखवलं: गुंत्याच्या वर केस चिमटीत धरायचा, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, तेलाच्या बोटाने टोकाचा एकेक धागा मोकळा करायचा. उजवी बाजू तिची, डावी माझी. मधे बायको मान खाली घालून.

"बेन, भाऊला ते तिकिटाचं सांगू काय?"

"नको गं बाई!"

पण ती कसली थांबते! म्हणाली, नवी नवरी असताना बेन काही काम नसताना तुमच्या तलासरीच्या गाडीत बसायची. तुम्हाला बघायला. आणि तुम्ही येऊन टिक् टिक् करून तिचंही तिकीट फाडायचे!

"मला वाटायचं माहेरी जाते," मी म्हणालो.

"कसलं माहेर! स्टँडवर उतरायची नि मागच्या गाडीने घरी परत."

बायकोचे कान लाल झाले होते. मला आनंद झाला, खूप झाला. पण त्याआधी जळफळाट झाला. गोष्ट माझी, बायको माझी, आणि माहीत हिला!

त्यानंतर पाणी ओतायचं काम मला मिळालं. केस डोक्यावर गोळा करायचे नाहीत, वरून खाली सरळ धार सोडायची. टॉवेल बंद, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने नुसते टिपायचे. पण मी आत असलो की गप्पा बंद.

२०१९ मध्ये तिच्या मुलीला वलसाडला जुळं झालं. वाडी भाड्याने देऊन नवरा-बायको तिकडेच राहायला गेली. ती गेली त्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आता रविवार माझा. गोडं पाणी मीच आणतो. हात बऱ्यापैकी बसलाय. परवा कंगव्यात जेमतेम दोन-चार केस आले. बायको डोळे मिटून बसते. मी वाट बघतो. धुऊन होतं, टिपून होतं, ती काही बोलत नाही.

शेवटी मीच म्हणालो, "अगं, बोल की काहीतरी. तिच्याशी तासतासभर बोलायचीस."

"तुमच्याबद्दलच बोलायचे," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता तुमचं तुम्हालाच काय सांगू?"

मी उरलेलं पाणी ओतलं. केस टिपले, अंगणात उन्हात खुर्ची टाकून दिली. मग वलसाडचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला, आणि झाडू घेऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागलो, तिच्या खुर्चीच्या अगदी जवळ.