पाचवा ‘का’

दत्तूभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कुरुळी फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि गाडी जागची हलेना... काचेपलीकडचं ऊन बघत बसलो. महिना झाला, अजून मनानं तिथंच बसलोय असं वाटतं.

कंपनीत क्वालिटी सर्कल आलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. चुका कामगारांनीच मिळून शोधायच्या म्हणे! ‘चहा-बिस्किटाचं सर्कल’ असं नावही पडलं. दर बुधवारी शिफ्ट सुटायच्या आधी प्रेसशॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात त्या विभागाच्या, कोपऱ्यात आम्ही सहा जण उलट्या क्रेटवर बसायचो. मशीन थांबलेली, पत्र्याच्या फटीतून उतरणाऱ्या उन्हात धूळ तरंगत असलेली... मी ट्रेनी इंजिनिअर, फळ्यावर लिहिणारा. दत्तूभाऊ प्रेसवरचे जुने ऑपरेटर. चूक सापडली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, हा सर्कलचा नियम. लेकराला कुठं दुखतंय विचारावं तसं भाऊ ते विचारत.

एकदा ग्राहकाकडून ब्रॅकेट परत आले, भोक सरकलेलं. का सरकलं? पार्ट हलला. का हलला? त्याला धरणारी पिन झिजलेली. का बदलली नाही? कुणी तपासलीच नाही. का? रोजच्या तपासणीच्या तक्त्यात ती नव्हती. आता पाचवा ‘का’... तक्ता मी केला होता, दुसऱ्या मशीनवरून जसाच्या तसा उतरवून. पिनेचं भाऊंनी मला आधी सांगितलंही होतं. ‘बघू’ म्हणालो आणि विसरलो. माझ्या हातातला खडू थांबला. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “चार बास झाले. पिन तक्त्यात घाला, सायेब.”

मशीन भाऊंचं, म्हणून ठपक्याचा मेमो भाऊंना मिळाला. गेटबाहेर मी काही बोलणार तोच म्हणाले, “मी पर्मनंट हाय, पचवीन. तुमचं अजून पक्कं न्हाई.” मी गप्प बसलो. पक्का झालो, मॅनेजर झालो, रहाटणीत फ्लॅट घेतला. भाऊंच्या निरोप समारंभात अर्धा तास बोललो, तेवढं सोडून. लिहिताना लाज वाटते.

गेल्या बुधवारी सर्कलमध्ये जाऊन बसलो. आता खुर्च्या आहेत, स्क्रीन आहे. मीटिंग संपवताना सविताताईंनी विचारलं, “कुणाचं काही राहिलंय का?” तेव्हाच्या सहांतल्या त्या एक, आता लीडर. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. पाचवं उत्तर मी होतो.

सविताताईंनी स्क्रीन बंद केली. “सर, आम्हाला तवाच कळलं होतं. भाऊ म्हणले, त्यांचं त्यांना सांगू द्या, कुणी विचारायचं नाही. तवापासून मीटिंग उठायच्या आधी ते थांबायचे अन् हेच विचारायचे... कुणाचं काही राहिलंय का?”

खरं होतं. रिटायर होईपर्यंत दर बुधवारी विचारायचे. आणि क्रेटवरून पहिला उठायचो तो मीच.