यॉर्गोसच्या गाडीतला सिकंदर

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. रोज सकाळी एकाच गाडीत चार माणसं कोंबा, चकलीच्या डब्यातल्या चुऱ्यासारखे ते आपोआप साठत जातात.

गाडी यॉर्गोसची. तो ग्रीक. त्याच्या शेजारी नोरीन, साठीला आलेली, आयर्लंडमधल्या याच पोर्टलीश गावात जन्मलेली. मागे मी आणि गोरान. गोरान नॉर्थ मॅसेडोनियाचा. चौघंही एकाच मेडिकल डिव्हाइस प्लांटमध्ये, जिथे बस जात नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवलेली मी इथे लर्नर, म्हणजे शिकाऊ परवान्यावर, आणि गोरानही लर्नर. त्याला तर मॅनेजरने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यापासून त्याची शिफ्ट दुपारची, आणि स्वतःच्या गाडीने येता आलं नाही तर नोकरीचं अवघड आहे. ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळायला इथे महिनोन्‌महिने लागतात!

यॉर्गोसच्या गाडीच्या डिकीवर एक स्टिकर आहे. सोनेरी सूर्य आणि खाली लिहिलंय, 'मॅसेडोनिया म्हणजे ग्रीस'. गोरानच्या देशाचं ग्रीसशी याच नावावरून वर्षानुवर्षं भांडण, म्हणून गोरान त्या गाडीच्या मागून कधी जायचा नाही. बॅगसुद्धा डिकीत टाकायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचा.

*

पहिल्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओळख वाढावी म्हणून मी गोरानला म्हटलं, "म्हणजे तू अलेक्झांडरच्या गावचा! आम्ही त्याला सिकंदर म्हणतो."

गोरान फुलला. यॉर्गोस मान मागे वळवून सांगू लागला की त्याचं नाव ग्रीक, भाषा ग्रीक, गुरू ग्रीक. गोरान म्हणाला, मग तुमच्याच लोकांनी त्याच्या बापाला रानटी का म्हटलं होतं? यावर यॉर्गोसने जे उत्तर सुरू केलं ते संपेपर्यंत आमची एक्झिट मागे पडली. पुढची पार कुठच्या कुठे. चौघंही लेट!

नोरीनने तिथेच नियम केला. मोटरवेवर अलेक्झांडर बंद. राउंडअबाउट आला की बोला. आमच्या राउंडअबाउटपासून प्लांटचं गेट दिसतं.

*

माझे बाबा साताऱ्याहून आले होते. एका शनिवारी ओव्हरटाइमला जाताना त्यांना वाटेत सोडायचं होतं. त्या दिवशी नोरीन नव्हती, म्हणजे नियमही नव्हता. तिऱ्हाईत माणूस सापडला म्हणून दोघांनी आपापली बाजू त्यांच्यापुढे मांडली. मी मध्ये दुभाषी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, त्यो आमच्याकडं आलाता की. नदीपातूर आला, दमला आन् माघारी गेला. त्येच्यावरनं कशाला भांडताय?"

मी भाषांतर केलं. दोघं एकदम उसळले. सैन्य दमलं होतं, तो नव्हता! त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांना दोघांनी मिळून अर्धा तास इतिहास शिकवला, आणि बाबा खिडकीतून मेंढरं बघत बसले.

*

मग नोरीनच्या गावातल्या क्लबला पैसे जमवायला पबमध्ये टेबल क्विझ होती. आमची चौघांची टीम. शेवटच्या राउंडपर्यंत आम्ही चक्क पहिले! आणि क्विझमास्तरने विचारलं, अलेक्झांडर द ग्रेट कुठला राजा होता?

पेन यॉर्गोसच्या हातात होतं. ते गोरानने धरलं. मी मधे पडले, नोरीनचा ग्लास पडला, आणि कागद कोराच गेला.

उत्तर जाहीर झालं, 'मॅसेडोन'. दोघंही उठून एकमेकांना म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो!"

एका मार्काने हरलो.

*

नोरीन या दोघांची यथेच्छ टिंगल करायची. मेलेल्या माणसावरून कसली भांडणं, म्हणायची. मीही तिच्याच बाजूची. (बेळगावचा विषय त्या गाडीत कधी निघाला नाही, म्हणून माझं शहाणपण टिकलं.)

सेंट पॅट्रिक म्हणजे आयर्लंडचा लाडका संत. त्याच्या सणाआधी गोरानने अगदी निरागसपणे तिला विचारलं, तुमचा पॅट्रिक मूळचा ब्रिटनचा ना?

नोरीनने रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता म्हणाली, "ते वेगळं आहे."

*

अखेर गोरानला टेस्टची तारीख मिळाली. तो शिकला नोरीनच्या गाडीवर, आणि टेस्टच्या आधी दोनच दिवस तिचीच गाडी तपासणीत नापास झाली. इथे टेस्टला गाडी आपली आपण न्यावी लागते. तारीख हुकली तर पुन्हा कित्येक महिने थांबायचं, आणि उन्हाळा तर तोंडावर आलेला. गोरानचा चेहरा पाहवत नव्हता.

यॉर्गोसने राउंडअबाउटची वाट पाहिली नाही. मोटरवेवरच म्हणाला, "माझी ने."

लंच ब्रेकमध्ये त्याने इन्शुरन्सला फोन लावला, गोरानचं नाव चढवायला. तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमचं नातं काय? यॉर्गोसने बराच विचार केला. "शेजारी," म्हणाला. दोघांची घरं गावाच्या दोन टोकांना आहेत.

टेस्टच्या सकाळी मी आणि नोरीन धीर द्यायला गेलो. गाडी उभी होती. लर्नरसाठी पुढे-मागे लाल L लावावा लागतो, तो यॉर्गोसने आधीच लावला होता. पुढचा काचेवर, कोपऱ्यात. मागचा बरोब्बर सूर्यावर, अक्षरांसकट सगळं झाकून.

गोरान मागे गेला. बघत उभा राहिला. मग त्याने डिकी उघडली, बॅग आत ठेवली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

पास झाला! नोरीन रडली, मी तर भर पार्किंगमध्ये नाचले.

आता गोरान स्वतःच्या गाडीने दुपारच्या शिफ्टला येतो. आम्ही तिघं सकाळी जातो. यॉर्गोसच्या गाडीवर मागचा L अजून तसाच आहे. मागच्या गाड्या बिचाऱ्या लांब अंतर ठेवून येतात. परवा नोरीन वैतागून म्हणाली, "अरे, वीस वर्षं गाडी चालवतोयस तू. तो L काढ की आता."

यॉर्गोस म्हणाला, "मोटरवेवर हा विषय नको."