लिस्बनहून दिसणारं परसदार

मी संशयी आहे हे मला कोणी सांगायला नको. डहाणूच्या बाजारात चिकू घेताना मी एकेकाला नख लावून बघते. चिकूवाला कुरकुरला की म्हणते, "लेकीला स्थळ बघताना तू चार ठिकाणी चौकशी करतोस की नाही?" मिस्टर होते तेव्हा म्हणायचे, हिला देव भेटला तर ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. बरोबरच होतं त्यांचं. शाळेत शिकवण्यात माझी उभी हयात गेली. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच चालायची सवय लागते.

अशा बाईने साठी उलटल्यावर एकटीने लिस्बनला जाऊन तीन महिने राहायचं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. पण ते शहर माझ्या मनात कधीचं घर करून होतं. मिस्टरांबरोबर एका टूरने आम्ही तिथे दोन दिवस होतो. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. त्यात एका चढावर माझी वाट चुकली. गल्लीत कोळशाच्या शेगडीवर मासे भाजत होते, वर खिडक्याखिडक्यांतून कपडे वाळत होते. एका म्हातारीने मला बसायला खुर्ची दिली आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. टूरवाली शोधत आली तेव्हा मला तिचा रागच आला. मी मिस्टरांना म्हटलं, रिटायर झाले की इथे येऊन राहणार. ते म्हणाले, राहा, मी चिकूची वाडी राखतो. मी रिटायर व्हायच्या आधीच ते गेले.

म्हातारीने काही विचारलं नाही, याचं मला एवढं काय, असं कोणाला वाटेल. सांगते. आमच्याकडे डहाणूहून एसटीत बसलं की गंजाड यायच्या आत शेजारची बाई विचारते, मुलं किती? मी म्हणते, नाहीत. मग ती मांडीवरचं मूल हळूच दुसऱ्या बाजूला घेते. पदर ओढून घेते त्याच्यावर. सगळ्याच करतात असं नाही, पण करतात. मी दिसलं न दिसलं करून खिडकीबाहेर बघते.

लिस्बनमध्ये हे कोणी केलं नाही. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. जिने असे की गुडघे बोलायला लागावेत. घरमालकीण खाली राहायची आणि रस्त्यावरचं दार दिवसभर सताड उघडं ठेवायची, म्हणून पहिले काही दिवस मी खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून ठेवली. मासळीवालीकडे गेले तर सवयीने माशाचा कल्ला उचलून बघितला. ती माझ्यावर खेकसली. दुसऱ्या खेपेला मी दिसताच तिने स्वतःच कल्ला वर करून लालबुंद आतलं दाखवलं आणि हसली. खारवलेल्या माशाची फळकुटं टांगलेली दुकानं होती, तिथे गेलं की डहाणूच्या सुक्या मासळीच्या बाजारात आल्यासारखं वाटायचं. रस्त्यात भाजलेले चेस्टनट मिळायचे, चवीला थेट फणसाच्या आठळ्या. नदीकाठी बाकावर बसून ते खायचे, घरी जायची घाई नाही, कोणी ओळखीचं नाही. मी सुखात होते. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण सुख नीट भोगायचं तर मोबाइल घरी ठेवायला हवा होता.

त्याचं असं झालं. डहाणूचं घर आणि वाडी मी आमच्याकडे कामाला असलेल्या बाईवर सोपवून आले होते. ती गंजाडची, म्हणून सगळे तिला गंजाडचीच म्हणतात. कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. नवरा नाही, एकच लेक, ती तलासरीच्या डोंगराकडे एका पाड्यावर दिलेली. विश्वासू आहे का? आहे. तरीपण निघण्याआधी मी भाच्याकडून दोन कॅमेरे लावून घेतले, एक पुढच्या ओट्यावर, एक परसदारी. मोबाइलवर बोट ठेवलं की घर दिसणार. मी तिला म्हटलं, चोरांसाठी आहेत हो. ती म्हणाली, "हा बाई." एवढंच.

लिस्बनला सकाळचा चहा घेताना डहाणूला दुपार असायची. आधी आधी मी नुसती झाडं बघायची. मग एक दिवस दिसलं की मागच्या खोलीचं दार उघडं आहे. ती खोली मी स्वतः बंद करून आले होते, किल्ली फक्त अडीअडचणीला म्हणून दिली होती. दुसऱ्या दिवशी एक तरुण बाप्या खांद्यावर पोतं घेऊन परसदारी आला, आत गेला आणि हात हलवत बाहेर आला. पोत्यात काय होतं? भरदुपारी परसातली चूल पेटलेली, वर मोठं पातेलं. एकट्या बाईला एवढं काय शिजवायचं असतं?

फोन केला. ती म्हणाली, "सगळा ठीक हाय बाई." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाली. आणि मागे रिक्षाचा हॉर्न वाजत होता. म्हणजे माझा फोन आला की ही बया घराबाहेर रस्त्यावर जाऊन बोलत होती. घरात असं काय होतं जे मी ऐकायचं नव्हतं?

त्यानंतर नदी, चेस्टनट सगळं राहिलं बाजूला. बाकावर बसायचं आणि परस बघायचं. एकदा दोरीवर कपडे वाळत होते. बोटांनी चित्र मोठं केलं तर ते माझं जुनं सुती लुगडं होतं, फिकट हिरवं, कपाटात तळाला ठेवलेलं. फाडून त्याचे चौकोन केले होते. शेजारी मिस्टरांच्या धोतराचे तुकडे. ओळीने वाळत होते. माझ्या अंगाची आग झाली. कपाट उघडलं हिने! माझ्या नवऱ्याच्या धोतराची फडकी करून काय लाद्या पुसतेय?

आता तुम्ही हसाल. कोणत्याही बाईला एका नजरेत कळलं असतं. पण ज्या घराच्या दोरीवर कधी असले चौकोन वाळलेच नाहीत, त्या घरातल्या बाईला नाही कळलं.

माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणावाला होता, मूळचा दमणचा. आमच्या तलासरीच्या पलीकडे गाडी काढली की दमण, त्यामुळे मी त्याच्याशी गुजरातीत बोलायची आणि त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. त्याला मी सगळं सांगितलं. त्याने तांदूळ मोजता मोजता मान हलवली. "बेन, घर कोईने सोंपाय नहीं." त्याच्या दमणच्या घरात म्हणे एक ओळखीचा राखणीला ठेवला होता, तो बायकोमुलं आणून तिथेच ठाण मांडून बसला. ते घर सोडलं तर मला आहे काय? मूल नाही, नवरा नाही. घर गेलं की मी भाच्याच्या फ्लॅटमधल्या हॉलमधली दिवाणावरची म्हातारी. रात्रीच्या जेवणाला हाक मारली तर जेवायचं.

आणि त्याच आठवड्यात परसदारचा कॅमेरा काळा झाला. आधी वाटलं नेट गेलं. मग नीट पाहिलं तर कडेने कापडाची वीण दिसत होती. कोणीतरी वरून फडकं बांधलं होतं. त्याच हिरव्या लुगड्याचं.

मी तिकीट बदललं. घरमालकिणीला खुणांनी सांगितलं, घर, चोर. तिने माझा हात हातात धरून ठेवला. जिना उतरताना मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही मी गंजाडचीवर राग काढला. माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट मी माझ्यासाठी केली होती, ती हिच्यापायी अर्धी टाकून चालले होते.

कोणालाही कळवलं नाही. मुद्देमालासकट पकडायचं होतं. मुंबईहून टॅक्सी केली, चारोटीला हायवे सोडला, आणि ड्रायव्हरला घराच्या अलीकडच्या वळणावरच थांबवलं. चाकं वाजू नयेत म्हणून ती एवढी मोठी बॅग हाताने उचलून नेली. साठीची बाई, स्वतःच्या घरात चोरपावलांनी.

गंजाडची ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहिलं, आणि सूप खाली ठेवून उठली ती थेट मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"बाई, आत नको."

"माझं घर आहे हे!"

"तुमचाच हाय. आत नको."

आतून आवाज आला. बारीक, चिडका. मांजराच्या पिल्लासारखा, पण मांजराचा नव्हे. मी जागच्या जागी उभी राहिले. चूल, पातेलं, लुगड्याचे चौकोन, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. पोतं घेऊन आला होता तो तिचा जावई, बाळंतिणीच्या पाण्यासाठी सरपण आणलं होतं त्याने.

तिने दारातूनच सांगितलं. लेकीचं पहिलं पोटातच गेलं. दुसरं पाड्यावर, हातात आलं आणि आठवड्याने गेलं. या वेळी दिवस भरत आले तशी तिने लेकीला इथे आणलं, दवाखाना जवळ म्हणून. मुलगा झाला. आणि घरात ठरलं की सव्वा महिना होईपर्यंत बाहेरच्या कोणाच्या दृष्टीला तो पडू द्यायचा नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनी पाहिला तेवढाच.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितला असता तर रोज फोनवर बोलल्या असत्या, दाखव. तुम्हाला नाय कसा म्हनायचा?"

हे खरंच होतं. मी रोज दाखव म्हटलं असतं. पण माझ्या मनात वेगळंच उसळत होतं आणि मी ते बोलून टाकलं.

"मला मूल नाही म्हणून ना? माझी दृष्ट लागेल म्हणून फडकं बांधलंस ना कॅमेऱ्याला?"

मला वाटलं ती नाही नाही म्हणेल. गयावया करेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा."

मग म्हणाली, "माझी आई आलेली गंजाडवरून, चालत. तिला बी दारातूनच पाठवली. तिला सात पोरा झाली. मी कोणावरच भरवसा नाय ठेवला बाई, दोन गेल्यावर. तुमच्यावर नाय, आईवर नाय. मी पन आत जाताना त्याच्याकडे जास्त बघत नाय."

मी ओट्यावर येऊन बसले. राग गेला म्हणाल तर नाही गेला. लिस्बन गेलं, लुगडं गेलं, स्वतःच्या घरात मला मज्जाव, आणि तोंडावर 'हा' ऐकावं लागलं. भाच्याला फोन लावावा, यांना आजच्या आज बाहेर काढावं, असंही मनात येऊन गेलं. मोबाइल हातात घेतला होता मी. पण तिचे चौकटीवरचे हात मी पाहिले होते. मी हुकूम केला असता तर तिला बाजूला व्हावंच लागलं असतं, आणि उद्या त्या पोराला साधी शिंक आली असती तरी ती जन्मभर माझ्याकडे कशी बघत राहिली असती, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि माझ्या मनाने तरी मला सोडलं असतं का?

तिने चहा आणून दिला. मी घेतला. "धोतर कशाला फाडलंस?" एवढंच विचारलं. "मऊ होता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली जाऊ आली. बाजूच्याच वाडीत राहते. दोन मुलगे, चार नातवंडं, आणि त्यांची सगळी कौतुकं मला गेली कित्येक वर्षं पाठ. मी अशी मधेच का परत आले याचा शोध लावायला आली होती. ओट्यावर बसली, माझ्या बॅगेकडे बघितलं, पाणी प्यायली. तेवढ्यात आतून सूर लागला.

"कोण रडतंय गं?"

"टीव्ही."

"टीव्ही तर तो पुढच्या खोलीत बंद दिसतोय."

"आत दुसरा घेतलाय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच आठवण झाली. ती उठली आणि दाराकडे निघाली. गंजाडची आत लेकीला पाणी घालत होती, दारात कोणी नव्हतं. मी उठले, जावेच्या पुढे जाऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले, चांगली पाय पसरून. आतल्या बाजूला पाठ केली.

"सरक की. बघू दे कोणाचं आहे ते."

"नाही. सव्वा महिना व्हायचाय."

"अगं, मी काय परकी आहे? माझी दृष्ट लागणार आहे?" तिचा आवाज चढला. "दोन मुलं वाढवलीत मी. मला दाखवायचं नाही, आणि तू? तुला बरं दाखवलं?"

"मला पण नाही दाखवलं," मी म्हटलं, आणि तिथेच बसून राहिले.