औंढ्याच्या वाटेवरचं पथ्य

आता काय सांगू तुम्हाला! धुक्यात माणसं वाट चुकतात, मी तीन महिने अक्कल चुकलो होतो. तेही रोज ठरलेल्या वेळी, वहीत नोंद करून!

साल त्र्याहत्तर असेल. मी लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं, तर त्यात कोलेस्टेरॉल निघालं. तेव्हा हा शब्द कुणाच्या कानावरून गेला होता हो? आमची ही म्हणाली, "अगंबाई, कधीपासून आहे?"

डॉक्टर म्हणाले, "तीन महिने देतो. तूप, अंडी, तळण बंद. रोज सकाळी चाला, पावलं मोजा, वहीत लिहा. उतरलं तर ठीक, नाहीतर जन्मभर गोळ्या."

गोळ्या म्हटल्यावर हिचे डोळे भरले. तिच्या वडिलांचं अखेरचं वर्ष गोळ्यांवरच गेलं होतं. तिने तुपाचं भांडं शेजारी देऊन टाकलं आणि माझ्या जोडीला स्वतःही उकडलेला दुधी खायला लागली. बिचारी!

मी रेल्वेचा खाकी कोट चढवला, वही-पेन्सिल घेतली आणि जवळच्या औंढे गावाच्या वाटेला लागलो.

काय त्या सकाळी होत्या, अहाहा! खाचरं धुक्यात बुडालेली, कापलेल्या आंबेमोहोर भाताचा वास, आणि आपलेच पाय आपल्याला दिसत नाहीत. चालतोय की तरंगतोय, कळायचं नाही. मी आपला "सातशे नव्व्याण्णव, आठशे" असं मोठ्यांदा मोजत जायचो. विहीर आली की थांबून लिहायचं, 'विहीर, आठशे'. लिहिलं की पुन्हा तरंगायला मोकळा.

तिसऱ्याच दिवशी धुक्यातून हाक आली, "सायब, बसा की घडीभर!"

विहिरीजवळच्या घरातली हौसामावशी. तिच्या म्हाताऱ्याने, आबांनी, लगबगीने घोंगडी अंथरली. पुढ्यात पेलाभर म्हशीचं दूध, वर बोटभर साय.

आता तुम्हीच सांगा, नाही म्हणणं बरं दिसतं का? शिवाय डॉक्टर बोलले ते घरच्या खाण्याबद्दल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या आठवड्यात नव्या तांदळाचा भात आला, वर तुपाची धार. पौषात तर अंगणातला तांबडा कोंबडा दिसेनासा झाला आणि रश्शात भेटला.

मावशी विचारायची, "सायब, आमच्याच खाचरातनं का मोजताय? पल्याडच्या माळावरनं न्हाई व्हनार?"

"होईल की! पण इथे बरं वाटतं."

ती भातावर आणखी एक पळी तूप ओतायची. मला वाटायचं, काय हे प्रेम! माझा स्वभावच असा गोड, गाव भाळलंय माझ्यावर. घरी येऊन मी दुधी चिवडायचो आणि ही कौतुकाने म्हणायची, "भूकसुद्धा मेली हो यांची!"

तीन महिने झाले. पुण्याहून कागद आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं! हिने हातातला दुधी खाली ठेवला. "अहो, आता आणखी काय बंद करू मी?"

तेवढ्यात दारात आबा. हातात तुपाचा डबा.

"वैनी, सायबास्नी सांगा, आमची पान्याची हीर वाचवा. मागं धरनात निम्मं रान गेलं. आता हितनं सडक काडली तर खायाचं काय?"

"कसली सडक? हे पार्सल ऑफिसात चिठ्ठ्या चिकटवतात."

आबा माझ्याकडे वळले. "मंग मोजत काय व्हता?"

"पावलं."

"कशापायी?"

"अंगातली चरबी उतरावी म्हणून."

"आन् त्यापायी आमचं तूप खाल्लं व्हय?"

हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा गोळ्या परवडल्या! पण खरं सांगतो, लाज वाटली ती आबांची. तीन महिने ती दोन म्हातारी माणसं मला सडकेची मोजणी करणारा साहेब समजून भीतीने झोपली नसतील, आणि मी मिशीवरची साय पुसत होतो. आबांनी डबा उचलला आणि निघून गेले.

डॉक्टर पोट धरधरून हसले आणि आणखी तीन महिने दिले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. मावशी शेणखत भरत होती.

"रिकामंच फिरता न्हवं? मंग ही पाटी धरा, भाऊ!"

धरली. रोज धरली. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजून होईपर्यंत त्यांच्या खाचरांत पाट्या वाहिल्या. खायला काय? नाचणीची भाकरी, ठेचा आणि पाण्यासारखं ताक. साय मागायची माझी छाती झाली नाही.

उन्हाळ्यात पुन्हा रक्त पुण्याला गेलं. कोलेस्टेरॉल उतरलेलं! डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "बघा वहिनी, माणसाने निश्चय केला की काय होतं!"

ही शांतपणे म्हणाली, "निश्चय मावशींचा हो डॉक्टर. यांचं नुसतं अंग होतं."