काकांचं न्यूट्रल नसलेलं इंजिन

आख्ख्या मिशिगनमध्ये बायकोपेक्षा होडीच्या इंजिनाला जास्त जपणारा मराठी माणूस एकच, असं माझ्या रूममेटच्या काकूंचं मत होतं, आणि काकांनी ते कधी खोडून काढलं नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये जुनी इंजिनं ब्लँकेट पांघरून झोपत आणि गाडी बाहेर बर्फात कुडकुडत असे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही काका सोडत नसत. शेजारच्याच डेट्रॉइटमध्ये फार पूर्वी एकानं मोटरसायकलचं इंजिन साफ करायला खुर्चीच्या पाठीवर अडकवलं आणि त्याला सुचलं, की हे होडीच्या पाठीवरही अडकेल. ही कथा ते साभिनय सांगत. खुर्ची खरी, इंजिनाच्या जागी काकूंची पर्स. "लोक हसले त्याला. कॉफी दळायचं यंत्र म्हणाले," हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून येई, जणू लोक त्यांच्या सख्ख्या भावालाच हसले होते.

त्या जमान्यातलं त्यांचं लाडकं इंजिन मात्र तळ्यावर कधीच सुरू झालं नव्हतं. त्यावर काकूंना एक फेरी मारून आणायचं वचन वर्षानुवर्षं थकलेलं, आणि २००४चा दसरा ही शेवटची संधी. दिवाळीनंतर दोघं मुलाकडे क्युपर्टिनोला कायमची जाणार होती; तिथे इंजिनांना जागा नव्हती.

दसऱ्याला तळ्याच्या धक्क्यावर, होडीला लावलेल्या इंजिनाची साग्रसंगीत पूजा झाली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याऐवजी मेपलची पानं. काकू ताट खाली ठेवायला वाकल्या, होडीत बसलेल्या काकांनी सहज इंजिनावरचं चाक फिरवलं, आणि इंजिन चक्क धडधडू लागलं. मी मेकॅनिकलमध्ये पीएचडी करणारा माणूस. हर्षभरात मी धक्क्याला बांधलेली होडीची दोरी सोडली. त्या काळच्या इंजिनाला न्यूट्रल नसतो, सुरू झालं की ते निघालंच, हे हळदीकुंकवाच्या बायकांनाही पाठ होतं. काका एकटेच निघाले.

बंद करावं, तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नाही. म्हणून ते तळ्यात गोल गोल फिरत राहिले आणि धक्क्याजवळून जाताना ओरडून विचारू लागले, "उडी मारतेस का?"

"पैठणीत?" काकू म्हणाल्या. मग पुढच्या फेरीला, जरा मोठ्यानं, "अहो, जा तुम्ही लांबवर. मी बघते इथून."

काकांनी काकूंकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि आपल्या हातानं ते बंद केलं. होडी तरंगत धक्क्याला लागली. काकू बसल्या. इंजिन अर्थातच पुन्हा सुरू झालं नाही. काकांनी वल्ही काढली. समोरासमोर बसून दोघं हळूहळू लांब गेली. तळं इतकं शांत होतं, की त्यांचं बोलणं मला धक्क्यावर ऐकू येत होतं: मुलाच्या घराला गॅलरी आहे का, तुळस तिथे जगेल का, असलंच काहीबाही. खरं तर मी तिथून निघून जायला हवं होतं. गेलो नाही.