धमणीच्या खिळा
जीपच्या वंगणाचा वास आला, की मला आत्याची धमणी आठवते. आत्या विधवा, शेती स्वतः कसायची आणि गावातल्या अडलेल्या बायांना मेहकरच्या दवाखान्यात न्यायला ही छपराची बैलगाडी सदा तयार ठेवायची. एकदा दौऱ्यावरच्या साहेबासाठी पाटलाचा कोतवाल धमणी न्यायला आला, तेव्हा आमच्या ओसरीवर शेजारीण कळा देत होती. आत्या म्हणाली, “साहेबाले दोन पाय हायेत, अन् ही दोन जिवाची हाये. पायी कोनं जावं, तूच सांग बे.” “सरकारी हुकूम हाये, बाई,” म्हणत त्यानं जू उचललं. आत्यानं दोन्ही चाकं आसावर अडवून धरणाऱ्या लोखंडी खिळा उपसल्या आणि वंगणासकट कमरेला खोचल्या. “ने आता. खिळा पाह्यजे असतीन, तं पाटलाले सोताच पाठव.” पाटील आलाच नाही. आत्यानं खिळा परत ठोकल्या, शेजारणीला आत निजवलं आणि स्वतः कासरा धरला. साहेब पायी गेला. आत्या नव्वदी ओलांडून गेली. मी आता त्याच दवाखान्यात डॉक्टर आहे. निवडणूक आली, की पुढाऱ्यांची माणसं दवाखान्याची जीप मागायला येतात. खुशाल येऊ देत, किल्ली माझ्या कमरेला असते.